एका नेमगोंडावर चार कर्मचारी

आमच्या जिल्ह्यातल्या एका दूध संघात ही गोष्ट घडली. संघाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर एक संघ अब्रूनुकसानीचा दावा लावेल आणि बाकीचे ‘हे आमच्यावरच लिहिलंय’ म्हणून भांडायला येतील. या संघाच्या कोल्हापुरातल्या मुख्य कार्यालयात एसी दोनच आहेत. एक चेअरमनसाहेबांच्या दालनात आणि दुसरा तळमजल्यावरच्या एका खोलीत, जिथं सर्व्हर नावाचं यंत्र राहतं. पूर्वी तिथं सहा संगणक होते, दुधाच्या आवकेचा वेगळा, पगाराचा वेगळा, पशुखाद्याचा वेगळा. मग एक सॉफ्टवेअर आलं आणि सहांच्या जागी एकच दणकट यंत्र उरलं. त्याच्या पोटात आता सहा आभासी संगणक चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच आहे. एकत्र कुटुंबात प्रत्येक जावेला वाटतं तसंच. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती, नवी वैशिष्ट्यं घेऊन, आणि ती घ्यायची का हे ठरवायला संचालक मंडळाची सभा बोलावली होती.

या सभेशी नेमगोंडा मगदूम यांचा काडीचा संबंध नव्हता. ते आवक विभागातले वरिष्ठ लिपिक. पण संघाच्या प्रत्येक सभेला त्यांना मागच्या रांगेत बसवायचा रिवाज होता, आणि तो त्यांच्या गळ्यामुळं. ‘मंजूर’ हा शब्द जिल्ह्यात पुष्कळ लोक ओरडतात, वार्षिक सभेत तर तो विषय वाचायच्या आधीच ओरडायचा असतो, पण नेमगोंडांसारखा ‘मंजूर’ अख्ख्या सहकारात नव्हता. बेंबीच्या देठापासून यायचा. त्यांनी म्हटलं की संचालक जागे होऊन मागोमाग म्हणायचे आणि विरोधकाचा हात माईकपर्यंत पोचायच्या आत विषय संपायचा. संघाचा कारभार वर्षानुवर्षं एकमतानं चालतो असं अहवालात छापून येतं, ते याच गळ्याच्या जिवावर.

त्या दिवशी मात्र नेमगोंडांना सभा लवकर संपायला हवी होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, रुचिताचं लग्न तोंडावर आलं होतं, त्यांच्या मूळ गावी, शिरोळला. आठवडाभराची रजा पाहिजे होती आणि एवढ्या रजेवर चेअरमनांची सही लागते. चेअरमन पृथ्वीराजदादा सभा सुटल्यावर घटकाभर सापडतात, मग मतदारसंघात विरघळून जातात. म्हणून नेमगोंडा खिशात अर्ज घेऊन बसले होते आणि फट दिसेल तिथं ‘मंजूर’ म्हणून सभा पळवत होते.

सॉफ्टवेअर कंपनीच्या मोनामॅडम पुण्याहून आल्या होत्या. संचालकांचं जेवण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानिशी झालेलं, त्यामुळं निम्मे संचालक डोळे मिटून संघाच्या भवितव्याचं चिंतन करत होते.

“पहिलं वैशिष्ट्य म्हणजे पातळ वाटप,” मोनामॅडम म्हणाल्या. “प्रत्येक आभासी संगणकाला सांगायचं, तुला शंभर दिले. प्रत्यक्षात त्याला जेवढं लागेल तेवढंच द्यायचं. सगळे समाधानी राहतात.”

“आणि सगळ्यांनी एकदम शंभर मागितलं तर?” दादांनी विचारलं.

“सहसा मागत नाहीत, सर.”

“व्हय, न्हाय मागत. आमी हितल्या प्रत्येकाला व्हाईस चेअरमन करतो म्हणून सांगितलंय. अजून सगळी एकदम आली न्हाईत.”

जे संचालक जागे होते त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

मॅडम पुढं निघाल्या. दुसरं, लाइव्ह मायग्रेशन. चालतं काम न थांबवता ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायचं, आणि हलवलं हे कुणाला कळतसुद्धा नाही. तिसरं, स्नॅपशॉट. सगळं सुरळीत चालू असताना संगणकाची स्थिती टिपून ठेवायची, आणि पुढं काही बिघडलं तर त्याला उचलून त्या क्षणावर परत ठेवायचं, मधलं काही घडलंच नाही असं. चौथं, अखंड उपलब्धता. एक यंत्र मेलं की त्याच्यावरची कामं आपोआप जवळच्या दुसऱ्या यंत्रावर जिवंत होतात.

दादा विचारात पडले. सामान्य माणूस यंत्र बघतो आणि यंत्राचाच विचार करतो. दादा थोर माणूस.

“मॅडम, लोखंडाला एवढं जमतंय, मग माणसाला का न्हाय?”

“सर, हे फक्त सर्व्हरसाठी असतं.”

“तुमच्या एका सर्व्हरवर सहाजण बसत्यात. माझ्याकडं एका माणसावर एकच बसलाय. म्हंजे बाकीचा माणूस रिकामाच पडलाय की.” दादा सरळ होऊन बसले. “तर ठराव असा, की या आवृत्तीतली समदी वैशिष्ट्यं यंत्रांबरोबर संघाच्या कर्मचाऱ्यांनाबी...”

नेमगोंडांचं लक्ष दाराकडं होतं. ठरावाची चाल लागली, एवढंच त्यांच्या कानांना कळलं.

“मंजूर,” ते गरजले.

“मंजूर, मंजूर,” संचालक दचकून उठत म्हणाले.

“...लागू करावीत,” दादांनी वाक्य पुरं केलं.

सभा सुटल्यावर नेमगोंडांनी अर्ज पुढं केला. दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “लेकीचं लग्न? मग रजा घ्यायलाच पायजे की. पण आता समदं नव्या पद्धतीनं. तुमीच मंजूर केलंय न्हवं? सम्राटला भेटा.”

सम्राट म्हणजे संगणक विभागाचा प्रमुख. सकाळपर्यंत तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होता. संध्याकाळी तो ‘मनुष्यबळ आभासीकरण अधिकारी’ झाला. त्याने दोन दिवस सगळ्या कर्मचाऱ्यांचं निरीक्षण केलं आणि नेमगोंडांना बोलावून घेतलं.

“आण्णा, तुमचा मेंदू सरासरी अकरा टक्के वापरात हाय.”

“मग बाकीचा?”

“शिल्लक. सगळ्या संघात एवढी शिल्लक कुणाकडंच न्हाय. म्हणून पहिला यजमान तुमी. तुमच्यावर चार कर्मचारी चालणार.”

“यजमान व्हायचंच हाय मला,” नेमगोंडा म्हणाले. “पण पोरीच्या लग्नात.”

संघात निवृत्त झालेल्यांच्या तीन जागा रिकाम्या होत्या आणि त्या भरायला वरून मनाई होती. त्या नेमगोंडांवर भरल्या. आवक विभागात नेमगोंडा-एक, तक्रार निवारणात नेमगोंडा-दोन, खरेदीत नेमगोंडा-तीन आणि दक्षता विभागात नेमगोंडा-चार. प्रत्येकाला वेगळी खुर्ची, वेगळी पाटी, वेगळा शिक्का. पगार तेवढा एकच, यजमानाचा. परिपत्रकात शेवटी तंबी होती, की आभासी कर्मचाऱ्यांमध्ये भिंत असते, सबब एकास दुसऱ्याच्या पोटातले कळता कामा नये. कळल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. नेमगोंडा नियमाचे पक्के. नियम गाढवाचा असला तरी ते त्याला गवत घालायचे.

दुसऱ्याच दिवशी नेसरीकडच्या एका दूध संस्थेचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला.

“आण्णा, आमच्या दुधाला फॅट कमी लावलासा.”

“ते मी न्हवं, पावणं. ते एक नंबर. मी दोन नंबर. तुमी तक्रार सांगा.”

“आवो, आत्ता तर त्या खुर्चीत बसून लावलासा. मी बघितलं की.”

“असंल. त्यांची माझी वळख न्हाय. लेखी द्या.”

त्याने लेखी दिलं. नेमगोंडांनी शिक्का मारला, उठून पहिल्या खुर्चीत जाऊन बसले, तक्रार वाचून लालबुंद झाले, ‘सदर तक्रार निराधार असून तक्रारदार सवयीचा आहे’ असं उत्तर खरडलं, परत दुसऱ्या खुर्चीत आले आणि सेक्रेटरीला हळहळून म्हणाले, “मी लई प्रयत्न केला पावणं, पण तो एक नंबर ऐकायचा न्हाय. आखडू हाय.” सेक्रेटरी उठला आणि चप्पल दारातच विसरून गेला. संघाच्या मासिकात मात्र फोटो छापून आला, चार खुर्च्यांचा, खाली ‘कार्यक्षमतेत चौपट वाढ’. ते खोटं नव्हतं. पूर्वी एका टेबलावर अडणारं काम आता चार टेबलांवर अडत होतं.

अशा धामधुमीत रजेचा विषय आला. चौघे वेगळे कर्मचारी, म्हणून अर्ज चार लागले. चारही अर्ज पडताळणीला दक्षता विभागात गेले, म्हणजे चौथ्या खुर्चीत. नेमगोंडांनी चष्मा पुसून ते वाचले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. चार कर्मचारी, चौघांच्या तारखा त्याच, चौघांचं कारण मुलीचं लग्न, आणि मुलगी एकच. इतकं उघड संगनमत त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं चौघांना नोटीस काढली: ‘एकाच मुलीस चार वडील कसे, याचा समाधानकारक खुलासा न केल्यास रजा नामंजूर करण्यात येईल.’

संध्याकाळी घरी हा प्रकार त्यांनी बायकोला सांगितला. त्रिशलाबाई ताट वाढत होत्या. खोलीभर रुखवताचं सामान पसरलेलं.

“मग खुलाशात काय लिवलासा?”

“अजून नोटीस मिळाली न्हाय. उद्या टपालात येईल.”

“तुमीच काढलीसा न्हवं नोटीस?”

“ती चार नंबरनं काढली. मला अधिकृतरीत्या म्हायती न्हाय.”

त्रिशलाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. “मग ही कुणाच्या ताटात वाढू?”

आतल्या खोलीत रुचिता मैत्रिणीला फोनवर सांगत होती, पप्पा आठ दिवस आधीपासून सुट्टी घेणार आहेत, मांडव ते स्वतः बघणार आहेत. ते ऐकलं आणि चारच्या चार नेमगोंडांना एकदम लाज वाटली. त्या रात्री ते जेवले नाहीत. खरं म्हणजे दिवस बुडाला होता, त्यांच्या जैन घरात दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत, आणि तेवढा वेळ त्यांचा विचार करण्यातच गेला.

सकाळी त्यांनी सम्राटच्या टेबलावर राजीनामा आपटला. एकच, चौघांचा मिळून. सम्राटनं तो वाचला, संगणकात डोकं घातलं आणि शांतपणे म्हणाला, “आण्णा, काळजी करू नका. तुमचा स्नॅपशॉट हाय.”

“कसला?”

“मागच्या सोमवारी दुपारी काढलाय. त्या दिवशी तुमास्नी कुणीतरी खरवस आणून दिलता. तुमी पूर्ण समाधानी होता, तशी नोंद हाय. आता तुमच्यात बिघाड झालाय, म्हणून तुमास्नी परत तिथं नेऊन ठेवलंय. राजीनामा दिलेलाच न्हाय तुमी.”

“सम्राट, मी तुझ्यापुढं हुबा हाय. रागानं थरथरतोय.”

“सोमवारचा नेमगोंडा असं बोलत न्हवता,” सम्राट म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच माया होती. “आणि आण्णा, एक वाईट सांगायचं ऱ्हायलं. सोमवारपतूर तुमी रजेचा अर्जबी केला न्हवता. ते चारी अर्ज गेले. नव्यानं करा.”

नेमगोंडा तडक वर गेले, चेअरमनांच्या दालनात. शिपायाला न विचारता, नोकरीत पहिल्यांदा. दादांनी सगळं ऐकून घेतलं. दादा काही दुष्ट नव्हेत. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

“आरं बाबा, मी काय राक्षस हाय काय? रजा दिली जा.”

“चौघांस्नी?”

“एकाला. तीन नंबरला. खरेदी बंदच हाय सध्या. ऱ्हायले तिघं, त्यांस्नी चालू स्थितीत हलवायचं. काय म्हनत्यात ते, लाइव्ह. शिरोळला, तुमच्या मोबाईलवर. काम थांबाय नको आणि कुणाला कळायबी नको. लेकीच्या लग्नात अख्खा नेमगोंडा घालवायची काय गरज हाय? आनि मी येतोच आशीर्वादाला.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण इतक्या वर्षांची सवय. नेमगोंडांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

लग्नाचा मुहूर्त मोठा दांडगा होता. तालुक्यात त्या दिवशी रिकामं मंगल कार्यालय नव्हतं आणि रिकामा वाजंत्रीवाला तर नव्हताच. नेमगोंडा डोक्याला फेटा, अंगात नवा नेहरू शर्ट, एका खिशात फोन आणि दुसऱ्यात तीन शिक्के घेऊन मांडवात हिंडत होते. हळदीच्या वेळी दोन नंबरला कबनूरहून तक्रारीचा फोन आला. व्याह्यांना नारळ देताना चार नंबरला एका गैरव्यवहाराचा सुगावा लागला. व्याही नारळ धरून उभे आणि नेमगोंडा त्यांच्याकडं बघत म्हणतायत, “कुणालाबी सोडू नका, कसून चौकशी करा.” कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नात मुलीच्या बापाच्या कानाला फोन नसला तरच लोक काळजीनं विचारतात, तब्येत बरी हाय न्हवं?

उपाध्यांनी मंगलाष्टकं सुरू केली. अंतरपाट धरला गेला. रुचिता हार घेऊन उभी राहिली आणि तेवढ्यात एक नंबरचा फोन वाजला. टँकरभर दूध नासलं होतं.

“परत लावा टँकर,” नेमगोंडा ओरडत होते. मंगलाष्टकांच्या वर त्यांचा आवाज चढला. “कुणाच्या सहीनं घेतलासा? माझ्या? मी कितवा?”

“पप्पा,” रुचिता अंतरपाटाआडून म्हणाली.

त्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून.

“पप्पा, एकदा हिकडं या,” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे या.”

नेमगोंडांनी फोन बंद केला. फेकून वगैरे दिला नाही. आपल्याकडचा नोकरदार माणूस कितीही चिडला तरी फोन फेकत नाही. पण बटण दाबून पार बंद केला. शिरोळमध्ये त्या क्षणी संघाचे तीन कर्मचारी एकदम मयत झाले आणि परिपत्रकाबरहुकूम सगळ्यात जवळच्या यंत्रावर जिवंत झाले. सगळ्यात जवळचं यंत्र म्हणजे सम्राट. तो अक्षतांची वाट न बघता पहिल्याच पंगतीत बसला होता. खपली गव्हाच्या खिरीचा पहिला घास तोंडात, आणि त्याचा फोन वाजायला लागला. आधी टँकर, मग कबनूर, मग गैरव्यवहार. वाढपी तीनदा येऊन गेला तरी सम्राटचं ताट तसंच होतं. पुढं ती खीर त्याच्या पानातच वाळली, असं सांगतात.

इकडं नेमगोंडा लेकीजवळ जाऊन उभे राहिले. तिनं त्यांचा वाकडा फेटा सरळ केला.

“आलासा?”

“आलो बाळा.”

आणि ते रडले. आडून, डोळे टिपत वगैरे नाही; भोकाड पसरून रडले. त्रिशलाबाईही रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नेमगोंडांना आपण एकाच जागी उभे आहोत असं वाटत होतं, दोन पायांवर, एका बायकोचा नवरा आणि एका पोरीचा बाप. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू. अंतरपाट दूर झाला, हार पडले, वाजंत्री वाजली. दादाही आशीर्वादाला आले, म्हणजे त्यांचा फ्लेक्स आला. त्या मुहूर्तावर तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात दादा हजर होते. कुठं स्वतः, कुठं पुतण्या, कुठं नुसता फ्लेक्स.

नेमगोंडांनी डोळे पुसले आणि मांडवाकडं वळून पाहिलं. मांडव खच्चून भरला होता.

तुम्हीही होतात की तिथं. पत्रिका होती तुम्हाला, आणि आला नाहीत असं कोण म्हणेल? शेवटच्या रांगेत उभं राहून तुम्ही पुढच्याच्या टकलावर अक्षता टाकल्या. डावा हात खिशात, जयसिंगपूरच्या लग्नाचं आहेराचं पाकीट चाचपत. धाकट्याला तुम्ही कुरुंदवाडच्या मांडवात उभं करून आला होता, घरच्या मंडळींना सांगलीच्या. जेवायचं कुठं ते ठरायचं होतं, जयसिंगपूरला बासुंदी आहे अशी खबर होती. मुलीचं नाव काय म्हणून शेजारच्याला विचारलंत. त्यालाही ठाऊक नव्हतं, तोही दुसरीकडं निघालेला. आणि आत्ता सुद्धा हे वाचताना एक डोळा तुमचा दुसऱ्याच कशावर तरी आहे.

नेमगोंडांची नजर फिरत फिरत तुमच्यापाशी येऊन थांबली. राग नव्हता तिच्यात, अगत्यच होतं. ते वाट काढत तुमच्यापर्यंत आले, हात जोडले आणि म्हणाले,

“या पावणं. तुमच्यातला कितवा आलाय?”